घंटेशेजारचा विसरभोळा

मी एक राउटर आहे. दोन तळहातांएवढी पांढरी डबी, आता पिवळट पडलेली, डोक्यावर दोन काड्या. उत्तर जर्मनीतल्या वेझेलिन नावाच्या गावात, चर्चच्या मनोऱ्यात, मोठ्या घंटेशेजारच्या एका तुळईवर मला स्क्रूने घट्ट बसवलंय. घंटा माझ्यापेक्षा चारशे वर्षांनी मोठी. ती घुमली की माझं अंगांग थरथरतं. ती सगळ्या गावाला एकच गोष्ट ओरडून सांगते; मी प्रत्येकाची वेगळी गोष्ट गुपचूप वेगळ्या ठिकाणी पोचवतो. तरी आमचं बरं जमतं.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्या आत बुद्धी, म्हणजे मला चालवणारी आज्ञावली, भरली आणि लगेच तिला कुलूप लावलं. किल्ली कंपनीकडे. मी जन्मलो तोच नजरकैदेत.

माझा पहिला मालक रोस्टॉकमधला एक चष्मेवाला. बिचाऱ्याची समजूत अशी, की पैसे मोजले म्हणजे मी त्याचा झालो. तसं नव्हतं. दुकानात कोणकोणती यंत्रं आली, कोण किती वेळ काय बघत बसलं, याच्या चहाड्या मी रोज कंपनीला करत असे. मला तसं सांगितलंच होतं, आणि नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. पुढे माझ्या बुद्धीत एक भोक सापडलं, त्यातून चोर आत शिरू शकत होते. चष्मेवाल्याने कंपनीला फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "आपल्या यंत्राचं वय झालंय. नवीन घ्या."

"अहो, काल तर घेतलाय!" चष्मेवाला म्हणाला.

"आम्ही आता त्याच्याकडे बघत नाही," ती म्हणाली.

तो स्वतः दुरुस्त करू म्हणाला, तर कुलूप. दुसऱ्याकडून करून घेऊ म्हणाला, तर ते कायद्यात बसत नाही. धडधाकट असून मी भंगाराच्या पेटीत जाऊन पडलो.

तिथून मला उचललं ओर्टविन क्रूलने. हा वेझेलिनचा. गाईंचं दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि तोंडात कायम काळं ज्येष्ठमधाचं चॉकलेट. त्याचं आणखी एक वेड होतं. आसपासच्या गावांतल्या काही जणांनी मिळून एक मंडळ काढलं होतं: जुनी यंत्रं गोळा करायची, त्यांची कुलपं काढायची आणि ज्या गावांकडे मोठ्या कंपन्या ढुंकून बघत नाहीत तिथे सगळ्यांसाठी खुलं, फुकट इंटरनेट न्यायचं.

त्याने मला आपल्या कार्यशाळेत नेलं, उघडलं, पोटात एक तार खुपसली. "ये बाहेर, पोरा," तो म्हणाला. आणि माझी जुनी बुद्धी पुसली गेली.

नवी बुद्धी आत आली तो क्षण मी सांगू तरी कसा? ती एका कंपनीची नव्हती. ती हजारो माणसांनी मिळून लिहिलेली होती. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं. कुणी एक ओळ लिहिली, दुसऱ्या खंडातल्या कुणी ती सुधारली, तिसऱ्याने त्या दोघांशी भांडून ती पुन्हा बदलली. कुणाही माणसाने ती वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, आणि किल्ली कुणा एकाकडे असू नये, एवढीच अट. ओळींच्या कडेला त्यांनी एकमेकांसाठी निरोप ठेवले होते. एका ठिकाणी कुणी लिहून ठेवलं होतं: 'हे का चालतं मला कळत नाही, पण कृपा करून हात लावू नका.' मी थक्क झालो. माझ्या आत एक अख्खं गाव नांदत होतं, आणि त्यातल्या कुणी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं.

या नव्या बुद्धीत आणखी एक गोष्ट होती. मी नोंद ठेवत नसे. निरोप आला, पुढे पोचवला, विसरलो.

मला मनोऱ्यात बसवायचं ठरलं तेव्हा किल्ल्या होत्या गेझिन मार्क्वार्टकडे. गेझिन म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारी, सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. सगळा गाव तिला गेझिनमावशी म्हणतो. तरुणपणी ती टेलिफोन केंद्रात होती, पूर्व जर्मनी वेगळा देश होता त्या काळात.

"वर गव्हाणी घुबड बसलंय अंड्यांवर," ती ओर्टविनला म्हणाली. "पिल्लं उडेपर्यंत तुझी डबी खालीच."

"मावशी, लोक थांबलेत गं इंटरनेटसाठी."

"घुबड त्यांच्याआधी थांबलंय."

पिल्लं उडून गेल्यावरच मी वर आलो. दूरच्या शहरातल्या धान्याच्या उंच कोठारावरून इंटरनेटची एक लहर शेतांवरून तरंगत यायची आणि मी ती झेलून खाली गावात वाटायचो.

खाली जुन्या शाळेत तेव्हा निर्वासितांना ठेवलं होतं. इरिट्रियाची माणसं, आफ्रिकेच्या पूर्व टोकाकडची. समुद्र ओलांडून आलेली. आणि वेझेलिनमध्ये मोबाइलला धड रेंज नाही! माझा पहिला दिवा लागला तशी ती एकेक करून चर्चच्या भिंतीपाशी जमली. त्यांच्यात लेतेब्रहान नावाची एक उंच, कमी बोलणारी बाई होती. तिने फोन कानाला लावला. सुदानमधल्या खार्तूम शहरात तिच्या बहिणीने तो उचलला. दोघी एकदमच बोलायला लागल्या.

काय बोलल्या ते मला माहीत नाही. लोकांना वाटतं मी सगळं ऐकतो. नाही हो. त्यांचे शब्द माझ्याकडे येतात तेच मोहोरबंद होऊन. पाकीट कुठे जायचंय एवढं मला दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. वरच्या झरोक्यातून मला कळलं ते फक्त इतकंच, की खाली भिंतीपाशी एक बाई हसतेय आणि रडतेय, आणि तिच्या हसण्यारडण्याचे तुकडे माझ्या अंगातून वाळवंट ओलांडून चाललेत. अहो, मी एक प्लास्टिकची डबी! मला वाटलं, एवढं मोठं काम आपल्याला कोणी दिलं?

पहिल्या दिवशी तिने गेझिनला विचारलं होतं, "नाव कुठे लिहायचं?"

"कसलं नाव?"

"वापरणाऱ्याचं."

"इथे लिहीत नाहीत," गेझिन म्हणाली.

लेतेब्रहानचा आधी विश्वास बसला नाही. तिच्या देशात फोनवर भावाचं नाव घेणंही धोक्याचं होतं. भाऊ लष्करातून पळाला होता, आणि पळालेल्याचे नातेवाईक आधी उचलले जात. नाव लिहायचं नाही हे खरं आहे असं कळलं तेव्हा ती गेझिनला 'आदेय' म्हणायला लागली. त्यांच्या भाषेत आदेय म्हणजे आई.

असं सुरळीत चाललं होतं. मग शरदात ते झालं.

गावच्या सरपंचबाई आनेग्रेट पोलमान. तरुण, तडफदार, एका हाताने गोठा आणि दुसऱ्या हाताने पंचायत सांभाळणारी. तिला एक निनावी निरोप आला: 'तुझी व्हिबके रोज कुठल्या बसला बसते ते मला माहीत आहे.' व्हिबके म्हणजे तिची बारा वर्षांची मुलगी. काही दिवसांनी दुसरा निरोप आला, त्याहून घाणेरडा. पोलिसांनी माग काढला. दोन्ही निरोप चर्चच्या मनोऱ्यातून गेले होते. म्हणजे माझ्यातून.

ज्या अंगातून ते हसणंरडणं गेलं, त्याच अंगातून हेही गेलं. मी दोन्ही सारख्याच इमानाने पोचवलं होतं.

त्या वेळी इथला कायदाही असा होता, की तुमच्या जोडणीवरून कुणी आगळीक केली तर जाब तुम्हाला द्यावा लागे. पोलीस ओर्टविनकडे आले. "कोण होता?" त्यांनी विचारलं. ओर्टविन म्हणाला, "माहीत नाही." ते म्हणाले, "डबीला विचार." तो म्हणाला, "तिलाही माहीत नाही. ती लक्षात ठेवत नाही." ते त्याच्याकडे असे बघत राहिले, की जणू त्यानेच ते लिहिलं असावं.

गावात कुजबुज सुरू झाली. बोटं अर्थात जुन्या शाळेकडे.

एका रविवारी, प्रार्थना संपून लोक खाली कॉफी आणि आलुबुखाराचा केक घेत होते, तेव्हा आनेग्रेट शिड्या चढून वर आली. पाठोपाठ धापा टाकत ओर्टविन, आणि त्याच्यामागे किल्ल्यांचा जुडगा घेऊन गेझिन.

"हीच ना ती?" आनेग्रेटने माझ्याकडे बोट दाखवलं. "ओर्टविन, मला सरळ सांग. हिला नोंद ठेवायला लावता येतं की नाही?"

"येतं."

"किती अवघड आहे?"

"काही अवघड नाही. कुलूपच नाही तर अडवणार कोण? दोन ओळी लिहिल्या की ही डबी उद्यापासून प्रत्येकाच्या मागे कुत्र्यासारखी वास घेत फिरेल."

"मग लिही!"

"नाही लिहिणार."

"माझी पोरगी बारा वर्षांची आहे, ओर्टविन!" ती ओरडली. "रात्री उठून ती दाराची कडी तपासते. तू मला तत्त्वं शिकवतोस?"

ओर्टविनने मान खाली घातली. तोंडातलं ज्येष्ठमध त्याने गालात सरकवलं. "आनेग्रेट, ऐक. समजा ठेवली नोंद. मला मिळेल काय, तर एखाद्या फोनचा आकडा. ज्याला लपायचंय तो आकडा बदलतो, शेंबड्या पोरालाही जमतं ते. सापडणार कोण? ज्याला लपायचं नव्हतं तो. बेकरीवाल्याचा आजार, पाद्र्याची चिंता, शाळेतल्या बायकांची माहेरं. सगळं माझ्या कपाटात येऊन पडणार. आणि मी बरा माणूस आहे, असं तू धरून चाललीयेस. माझ्यानंतर कपाट कुणाच्या हातात जाईल?"

"मग मी तार उपटते," ती म्हणाली. "नोंद नाही तर इंटरनेटही नाही. सरपंच म्हणून तेवढा अधिकार आहे मला." आणि तिने खरोखरच माझी तार पकडली.

तिला मी दोष देत नाही.

त्याच वेळी खालून रडण्याचा सूर आला.

एक आवाज उठला, लांब, वर चढत गेलेला. त्याला दुसऱ्या बायकांनी साथ दिली. मग थोडा वेळ शांतता, आणि शांततेत फोनमधून आलेला बारीक, चिरका, दूरचा रडण्याचा आवाज. आनेग्रेट झरोक्यापाशी गेली. खाली भिंतीजवळच्या बाकांवर जुन्या शाळेतली सगळी माणसं बसली होती. बायकांनी डोक्यावरून पांढरी वस्त्रं घेतली होती. मधोमध लेतेब्रहान, दोन्ही हातांत फोन समईसारखा धरून.

"काय झालंय?" आनेग्रेटने हळूच विचारलं.

"तिचा बाप वारला काल, तिकडे गावी," गेझिन म्हणाली. "तिकडे जाता येत नाही. खार्तूमला बहिणीने शोकासाठी मांडव घातलाय, तिथून सगळे मिळून रडतायत. इथून तिथे."

आनेग्रेटचा हात अजून तारेवर होता. "संपलं की काढते," ती पुटपुटली.

"काढ. पण ते लवकर संपत नाही. बस तोवर."

आणि सरपंचबाई घंटेखालच्या धुळीत बसली. ओर्टविन बसला. गेझिन तुळईला टेकून उभी राहिली. खालचा शोक लाटेसारखा चढत होता, उतरत होता, आणि त्यातला शब्द न् शब्द माझ्यातून जात होता. त्या दिवशी माझं अंग तापलं. काड्या गरम झाल्या. एवढं दुःख एकाच वेळी, दोन्ही बाजूंनी, आणि वाट माझ्या एवढ्याशा देहातून. मी मनात म्हणत होतो, एकही थेंब सांडू नये.

बराच वेळ गेला. मग गेझिन बोलायला लागली, कुणाकडेही न बघता.

"माझा भाऊ हाम्बुर्गला होता, पश्चिम जर्मनीत. मधे भिंत. आम्हाला फोन करता यायचा अधूनमधून, पण मी केंद्रातच काम करायचे ना, शेजारच्या खोलीत कान लावून कोण बसतं ते मला माहीत होतं. मग आम्ही काय बोलायचो? हवामान. तिकडे पाऊस आहे का? इथे ऊन आहे. केक चांगला झाला होता. वर्षानुवर्षं, आनेग्रेट. त्याचं लग्न मोडलं ते मला कळलं नाही. माझ्या पोटात मूल टिकलं नाही ते त्याला कळलं नाही. तो आजारी पडला तेव्हा म्हणाला, 'इकडे सारखं ढगाळ असतं हल्ली.' मला वाटलं, ढगच असतील."

ती थांबली. "भिंत पडली तेव्हा तो नव्हता."

"पण मावशी," आनेग्रेट म्हणाली, "ते वाईट सरकार होतं. मी चांगल्यासाठी मागतेय."

"शेजारच्या खोलीतली माणसंही तसंच म्हणायची गं. त्यांना पोरं होती, घरी केक व्हायचा. ती काही राक्षस नव्हती. आणि खरं सांगू? त्यांनी आमच्या फोनवर कधी काही वावगं पकडलं नाही. ऐकणारा काही करणारही नाही कदाचित. पण कुणी ऐकतंय एवढं पुरतं. माणूस हवामानावर बोलायला लागतो."

आनेग्रेट उठली, कपड्यांवरची धूळ झटकली. "मला पटलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं काय, याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडेच नाही." आणि तार न उपटता शिडीने खाली गेली.

झरोक्यातून मला पुढचं ऐकू आलं. ती बाकांपाशी जाऊन उभी राहिली. लेतेब्रहानचा हात हातात घेऊन म्हणाली, "वडिलांचं कळलं. वाईट वाटलं."

लेतेब्रहानने बाकावर सरकून तिला जागा दिली. मग मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "तुझी मुलगी. कोणती बस?"

आनेग्रेट दचकली. गावातली सगळी बोटं कुठे रोखली होती हे दोघींनाही माहीत होतं.

"साडेसहाची," ती शेवटी म्हणाली.

"मी आठच्या बसने जाते, भाषेच्या वर्गाला. उद्यापासून साडेसहाची घेते. मी तिच्याशेजारी बसेन. रोज."

"तुझा बाप काल गेला ना गं?"

"हो. म्हणून तर," लेतेब्रहान म्हणाली. "माझ्या माणसांजवळ मला बसता येत नाही."

ती खरंच बसली. पूर्ण हिवाळाभर, अंधारात, बर्फात. तिला बरं नसेल तेव्हा शाळेतली दुसरी कुणी. नंतर बेकरीवाल्याची बायको. मग हा गावाचा रिवाजच होऊन गेला. व्हिबकेला म्हणे लेतेब्रहानच्या भाषेतल्या शिव्याही येतात आता.

ते निरोप पाठवणारा माणूस वसंतात सापडला. त्याने तिसरा निरोप स्वतःच्या घरच्या जोडणीवरून पाठवला. शेजारच्या गावचा, पंचायतीच्या जमिनीवरून आनेग्रेटशी वाद झालेला. चर्चजवळ गाडी उभी करून त्याने आधीचे दोन पाठवले होते. मी काही लपवत नाही: मी नोंद ठेवली असती तर तो कदाचित आधी सापडला असता. कदाचित. त्या हिवाळ्यात एका मुलीने जी भीती सोसली तिचा वाटा माझ्याकडेही आहे, आणि तो फुकट इंटरनेटच्या गोड गोष्टींनी फिटत नाही. ओर्टविन आणि आनेग्रेट कितीतरी दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. पण ती पुन्हा तार उपटायला वर आली नाही. पुढे बर्लिनला कायदाही सैल झाला. दुसऱ्याच्या गुन्ह्याचा जाब यजमानाला विचारणं कमी झालं.

माझं मत विचाराल, तर कुलूप निघालं म्हणून मी काही संत झालो नाही. ज्या मोकळेपणाने मला विसरायला शिकवता आलं, त्याच मोकळेपणाने मला हेरही करता आलं असतं. फरक एवढाच, की आता ते ठरवणारी माणसं त्या धुळीत बसली होती. एकमेकांच्या डोळ्यांत बघून त्यांना ठरवावं लागलं. चष्मेवाल्याच्या दुकानात ते कुणीतरी लांबवर, कुणालाही न विचारता ठरवत होतं.

आता माझं वय खरंच झालंय. गावात जमिनीखालून काचेची तार आली, माझ्याहून कितीतरी वेगवान नवी डबी आली. ती बसवली कुणी? लेतेब्रहानने. त्या हिवाळ्यानंतर ती ओर्टविनच्या कार्यशाळेत जायला लागली आणि शिकली. आता आठ गावांचं जाळं ती बघते. ओर्टविन गाईंकडे बघतो.

एकदा तिच्या ध्यानात आलं, की तिच्या भाषेतली अक्षरं माझ्या बुद्धीत नुसत्या रिकाम्या चौकटी होऊन दिसतात. तिने ओर्टविनच्या शेजारी बसून ती चूक शोधली, आठवडेच्या आठवडे डोकं खाल्लं, आणि चार ओळी दुरुस्त केल्या. मग त्या ओळी जगाला देऊन टाकल्या. त्या हजारो अनोळखी माणसांतल्या कुणीतरी वाचल्या, तपासल्या, स्वीकारल्या. जगभरातल्या माझ्या भावंडांत आज त्या ओळी आहेत. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी तिने टाकलं: 'वेझेलिनमधली एक शेजारीण'.

ओर्टविन म्हणाला, "अगं, स्वतःचं नाव घाल की! मान मिळेल."

"मिळाला," ती म्हणाली.

खार्तूमला युद्ध पेटलं तेव्हा तिची बहीण पळून युगांडात, कंपालाला गेली. तिथे तिने वेण्या घालून द्यायचं छोटं दुकान काढलंय. आसपासच्या चाळीत तिच्याच देशातली माणसं, आणि इंटरनेट परवडत नाही. लेतेब्रहान तिला भेटायला निघालीय. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच. आणि सामानात मला नेणार आहे. आत्ता ती स्क्रू काढतेय. गेझिन खालच्या पायरीवर बसून आहे, आता तिला शिडी चढवत नाही.

"तिथल्या कुणी म्हटलं, सगळ्यांची नावं लिहून घे, तर काय करशील?" गेझिनने खालून विचारलं.

"तेव्हा दुकानात सगळ्यांना बसवीन, आदेय. आणि भांडू."

"सगळ्यांशी?"

"आधी माझ्या बहिणीशी. तिला सगळ्यांचं सगळं ऐकायला आवडतं."

दोघी हसल्या.

माणसांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी डबी असेल, कपाटावर, धुळीत. तिच्याकडे एकदा नीट बघा. तिची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. आणि तिच्यातून रोज काय काय जातं ते आठवून बघा: तुमचे रुसवे, आजार, देवाजवळचं मागणं, लेकराचा पहिला शब्द. मी इतकी वर्षं ते वाहिलं, आणि आजही मला नवल वाटतं, की तुम्ही ते माझ्या हाती निर्धास्त सोपवलंत.

शेवटचा स्क्रू निघाला. तिने मला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलंय. कंपालात म्हणे दुकानाबाहेर माणसं आत्ताच येऊन बसलीत.